नाव माझं, चेहरा जाऊबाईंचा

बँकेतल्या बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "ह्या कोण?"

पडद्यावर माझा नवरा होता. कोरलेल्या मिशा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, फौजेतल्या माणसाची ताठ मान. त्याच्या शेजारी डोक्यावरून पदर घेऊन माझ्या थोरल्या जाऊबाई बसल्या होत्या. अंगावर माझी आमसुली साडी, गळ्यात माझं मंगळसूत्र आणि फोटोखाली इंग्रजीत माझं नाव.

नवरा जाऊन तेव्हा महिना झाला होता. सकाळी चहाचा कप हातात असताना गेला, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. बजाजनगरातल्या आमच्या दोन खोल्यांमधून मी मृत्यूचा दाखला, आधार कार्ड, पासबुक असं सगळं एका पिशवीत घालून छावणीतल्या या बँकेत आले होते. हवालदाराच्या बायकोला नवऱ्यामागे मिळतं ते कुटुंबाचं पेन्शन सुरू करायचं, एवढंच काम होतं. बाईंनी विचारलं तसं मी खरं ते सांगून टाकलं. "ह्या माझ्या थोरल्या जाऊबाई."

बाईंनी चष्मा काढला. "मग तुम्ही कोण?"

"मी बायको. त्या नुसत्या फोटोला बसल्या होत्या."

तोंड आवरायला हवं होतं, पण फटकळपणा माझ्या अंगातच आहे. बाईंनी माझं वाक्य कागदावर जसंच्या तसं उतरवलं आणि खाली माझीच सही घेतली. नाव जुळतं, चेहरा जुळत नाही, आणि हे अर्जदार स्वतःच्या तोंडानं सांगते. माझी फाइल त्या दिवशी जी थांबली ती थांबलीच.

हा फोटो कसा निघाला ते सांगते. इतक्या ऑफिसांत इतक्या वेळा सांगून झालंय, की आता ते दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं वाटतं. नवऱ्याची सतरा वर्षांची नोकरी संपत आली होती. पेन्शनच्या कागदांसाठी नवरा-बायकोचा एकत्र फोटो ताबडतोब द्यावा, असं त्याला पलटणीतून सांगितलं होतं. तो दहा दिवसांच्या सुट्टीवर पिशोरला घरी आला, तेव्हा मी बाजेवर होते. मुलगी होऊन बारा दिवस झाले होते. माझी आई आधीच वारली होती, म्हणून हे बाळंतपण सासरीच झालं. कानाला फडकं बांधलेलं, बाजेखाली शेगडी, खिडकीला गोधडी लावलेली.

नवरा म्हणाला, "पंधरा मिनिटांचं काम आहे, स्टुडिओत जाऊन येऊ."

सासूबाई दारातच उभ्या राहिल्या. "सव्वा महिना झाल्याबिगर बाळंतीण उंबऱ्याभाईर पडायची नाय. वारं लागून मेली तर तुझं सरकार येणार हाय का पोर सांभाळायला?"

फोटोवाल्याला घरी बोलवायचं तर बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष. तेही नाही. नवऱ्याच्या सुट्टीतले सहा दिवस उरलेले. शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला. "थोरलीला बसव. पदर घेतला की बाई ती बाई. कोण बघायला येतंय?"

थोरल्या जाऊबाईंना मी अक्का म्हणते. नवरा आठ वर्षांचा असताना त्या लग्न होऊन या घरात आल्या. त्याची शाळेची पाटी त्यांनी पुसली, त्याच्या डोक्यातल्या उवा त्यांनी काढल्या. त्या लाजून लाल झाल्या. माझे भाऊजी, म्हणजे अक्कांचे यजमान, त्या दिवशी अद्रक घेऊन शहरातल्या मार्केटात गेले होते. त्यांना विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला या सगळ्याची गंमत वाटत होती. बाजेवर बसून मीच अक्कांना माझी साडी दिली, गळ्यातलं काढून त्यांच्या गळ्यात घातलं, पदराला पिन लावली. म्हणाले, "अक्का, जरा ओठ मिटून बसा, माझे दात पुढे नाहीत." घरभर हसू. नवरा तर हसून हसून खोकला. फोटो निघाला, कागद गेले, पेन्शन सुरू झालं, आणि भाऊजींना सांगायचं नाही असं सगळ्यांनी आपसूक ठरवून टाकलं.

आज त्या हसण्याचा मला राग येतो. माझा सगळ्यात जास्त.

नवऱ्याला मात्र तो फोटो टोचत होता, हे मला तो गेल्यावर कळलं. फौजेतून आल्यावर तो वाळूजच्या एका कंपनीत गेटवर होता. त्याच्या ट्रंकेत माझ्या मेडिकल कार्डाचा अर्धा भरलेला फॉर्म सापडला. माजी सैनिकाच्या बायकोला फुकट उपचार मिळतात, त्याचं कार्ड. मी किती वेळा म्हणाले असेन, सगळ्यांच्या बायकांची कार्डं झाली, माझं कधी? तो म्हणायचा, करू, करू. माझं नाव लिहिलेलं होतं, आणि पुढचा रकाना होता तो फोटोचा. तिथंच त्याचं पेन थांबलेलं. भांडून विचारायलाही आता तो नाही.

कार्डाचं एवढं महत्त्व अशासाठी की माझ्या हृदयाची एक झडप नीट उघडत नाही. जिना चढताना मला दर चौथ्या पायरीवर थांबावं लागतं. झोपताना तीन उशा लागतात. नवरा होता तोवर गोळ्यांवर निभावलं. तो गेल्यानंतर डॉक्टरांनी तपासून स्वच्छ सांगितलं की आता झडप बदलावी लागेल आणि ते वर्षभर लांबवण्यासारखं नाही. मी गरिबांच्या योजनेच्या खिडकीवर गेले, तर तिथला माणूस म्हणाला, "नवरा फौजेत होता ना? तुमचं तिकडं सगळं फुकट असतं. तिकडून मिळत नाही असं लिहून आणा." तिकडं गेले, तर तिकडचे म्हणाले, मिळत नाही असं कसं लिहून देणार, तुम्ही बायको आहात की नाही तेच ठरलेलं नाही. म्हणजे मी ना फौजेची, ना गरिबांची.

माजी सैनिकांच्या ऑफिसात एक सुभेदारसाहेब होते. स्वतः निवृत्त, पांढऱ्या भुवयांचे, ओरडून बोलणारे पण मनाने चांगले. त्यांना मी मोबाइलमधले फोटो दाखवले. मुलीच्या वाढदिवसाचा, वेरूळला गेलो तेव्हाचा. त्यांनी हात हलवला. "ताई, मोबाइलच्या फोटोत कुणीही कुणाशेजारी उभं राहतं. लग्नाचे फोटो आणा."

लग्नाचे फोटो नाहीत. फोटोवाल्याचा रोल खराब निघाला होता आणि त्याने घेतलेली उचल परत केली नव्हती, एवढाच काय तो पुरावा. पत्रिका होती, मुलीच्या जन्माचा दाखला होता. पण साहेब म्हणाले, कागदावर नाव तुमचंच आहे, त्याबद्दल वादच नाही. प्रश्न असा आहे की त्या नावाची बाई तुम्ही, की फोटोतली. "उद्या ती म्हणाली, मीच खरी, आणि ही बाई माझ्या नावाचं आधार काढून आली आहे, तर?"

मी म्हणाले, "साहेब, वीस वर्षांवर मी या माणसाची बायको म्हणून त्याच्या आईबापाचं केलं. दोन बाळंतपणं तो सीमेवर असताना केली, त्यातलं एक मूल मी एकटीनं पुरलं. तेव्हा तुमच्यातलं कुणी बघायला आलं नाही ही बाई कोण म्हणून."

त्यांनी माझी फाइल पुढे ओढली. मी बोलले ते मला अजूनही खरं वाटतं. जवानाच्या बायकोच्या हक्काचे जेवढे म्हणून कागद असतात, ते सगळे नवऱ्याच्या हातून जातात. तिला कुणी समोर बसवून विचारत नाही. एकदा, एकदा जरी माझ्यापर्यंत कुणी आलं असतं, तर बाजेवर पडलेली बाळंतीण त्यांना दिसली असती.

साहेबांनी मार्ग सांगितला. फोटोतल्या बाईनं आणि तिच्या नवऱ्यानं, दोघांनी मिळून एक प्रतिज्ञापत्र करायचं. ही माझी बायको, ती त्या दिवशी फोटोला बसली होती, मयताशी तिचा संबंध वहिनीचा. सोबत दोघांचं रेशनकार्ड. एकट्या बाईचं चालणार नाही, दबावाखाली लिहून दिलं म्हणतील. तोवर फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला कळवून घरी येऊन चौकशी करायची विनंती तेच लावणार होते.

मी पिशोरला गेले. भाऊजी ओसरीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. अक्का दाराआड उभ्या होत्या, त्यांचा पदर तेवढा दिसत होता. भाऊजींनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "ह्याला किती वर्स झाली?"

"सतरा."

"सतरा वर्स समद्या घराला ठावं, अन् मला नाय?"

"भाऊजी, तेव्हा घाई होती..."

"माझी बायको त्यानं शेजारी बसवली, कागदावर बायको म्हणून लावली, अन् मला इचारलं नाय. मी त्याला कडेवर खेळवला. हसला असाल तुमी लोकं. हसला का नाय? खरं सांग."

मी खाली बघितलं. ते उठले. "म्या सही करणार नाय. माझी बायको दुसऱ्याची बायको म्हणून बसली व्हती, असं म्या माझ्या हातानं सरकारात लिहून देऊ? गावात तोंड दाखवायचं हाय मला."

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. आयुष्यात मी कुणाच्या पाया पडून काही मागितलेलं नाही, त्यामुळे ते मला नीट जमलंही नसेल. धाप लागून उठता येईना, अक्कांनीच धरून उठवलं. भाऊजी तोवर शेताकडे निघून गेले होते. त्यांच्यावर चिडायला मला आवडलं असतं. पण त्यांनी विचारलं ते बरोबर होतं, तोच माझाही प्रश्न होता. आम्हा दोघांनाही कुणी विचारलं नव्हतं. फक्त माझी झडप बंद पडत होती आणि त्यांची नाही, एवढाच फरक.

आठवड्याने अक्का बजाजनगरात आमच्या दारात उभ्या. हातात कापडी पिशवी, त्यात दोन लुगडी आणि ज्वारीचं पीठ. एकट्या बसने आल्या होत्या. "त्येंनी सही करेस्तोवर मी घरी जात नाय. भाकरी करून खाऊ दे स्वतःच्या हातानं," म्हणाल्या. मी रडले. नवरा गेला तेव्हासुद्धा मी चारचौघांत रडले नव्हते.

अक्का राहिल्या. भाकरी करायच्या, माझे पाय सुजले की मिठाच्या पाण्यात धरायच्या, मुलगी कॉलेजातून आली की तिच्या केसांना तेल लावायच्या. भाऊजींचा निरोप आला तो गावातल्या कुणाच्या तरी फोनवरून. गेलीस ती गेलीस, आता परत यायचं नाय. अक्कांनी ऐकलं आणि पीठ मळत राहिल्या.

मला तेव्हा एकच धास्ती होती. चौकशीला माणूस येईल आणि अक्का त्याला सगळी कहाणी ऐकवतील. मीच कशी साडी दिली, आम्ही कसे हसलो. खोटा फोटो लावला म्हणून उलट आमच्यावरच केस झाली तर? बँकेत मी जास्तीचं बोलले होते आणि त्याचं फळ भोगत होते. नवरा नेहमी म्हणायचा, फौजेत साहेब विचारेल तेवढंच सांगायचं, वर एक शब्द नाही. मी तेच अक्कांना पढवलं. रोज पढवलं. "अक्का, माणूस आला तर विचारील तेवढंच बोला. खोटं बोलायचं नाही, पण पुढचं पुढचंही बोलायचं नाही."

"व्हय गं बाई," त्या म्हणायच्या, "मला का कळत नाय व्हय?"

माणूस आला तेव्हा मी दवाखान्यात होते. मुलगी कॉलेजात. घरी आले तर अक्का खुशीत. म्हणाल्या, लई भला माणूस होता, चहा घेतला, कागदावर अंगठा घेतला आणि गेला.

"काय विचारलं त्यानं?"

त्यांनी बोटं मोजत सांगितलं. "फोटू दाखवला, म्हणला ह्या तुमीच का? म्हणलं, व्हय, मीच. म्हणला, हितंच राहता का? म्हणलं, व्हय. म्हणला, हे गेलेले हवालदार तुमच्याच घरातले का? म्हणलं, व्हय, आमच्याच घरातले."

"नातं विचारलं नाही? दीर आहेत असं नाही सांगितलं?"

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. "नातं त्यानं इचारलंच नाय. तू म्हणलीस, इचारलं तेवढंच बोला."

मी तशीच ऑफिसात पळाले. पळाले म्हणजे रिक्षापर्यंत दोनदा बसत गेले. सुभेदारसाहेबांनी कपाळाला हात लावला. अहवाल निघून गेला होता. तरी त्यांनी खुलाशाचं पत्र लिहिलं, माझ्यासमोर, स्वतःच्या हातानं. पण खुलासा उशिरा पोचला की पोचलाच नाही, कोण जाणे. दोन महिन्यांनी रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं ते हिंदीत. फोटोतली महिला हयात असून मयताच्या राहत्या घरीच राहते. तिने ओळख मान्य करून अंगठा दिला आहे. अर्जदार महिला चौकशीच्या वेळी त्या पत्त्यावर आढळली नाही. सबब हा अर्ज फेटाळण्यात येत असून फोटोतल्या महिलेने पेन्शनसाठी स्वतः अर्ज करावा.

साहेब म्हणाले, "पुन्हा लिहू. पण ताई, आता त्या दोघांचं प्रतिज्ञापत्र आल्याशिवाय मी काहीच करू शकत नाही. आणि ती बाई तुमच्या घरात राहता कामा नये."

मी घरी आले. अक्का गॅसपुढं बसून भाकऱ्या करत होत्या. मी पत्र वाचून मराठीत सांगितलं. मुलगीही ऐकत होती.

"म्या काय चुकीचं बोलले का गं?"

"नाही अक्का. मी सांगितलं तसंच बोललात."

त्यांनी तव्यावरची भाकरी उतरवली, गॅस बंद केला, हात धुतले. मग म्हणाल्या, "मंग मला जायाला पायजे. मी हितं हाय तवर तू त्याची बायको नाय."

मुलगी रडायला लागली. "मोठ्या आई, कुठं जाणार तुम्ही? मोठे बाबा घरात घेणार नाहीत." माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, सांग ना त्यांना राहा म्हणून."

मला ठाऊक होतं, त्यांना त्या घराचं दार उघडं नाही. बाईनं साठीला आल्यावर माझ्यासाठी आपलं घर सोडलं होतं आणि आता माझ्यासाठीच त्या दारात जाऊन उभी राहणार होती. राहा, एवढा एकच शब्द बोलायचा होता. डॉक्टर म्हणाले होते, झडप बदलायला आता दोनच महिने हातात आहेत. मी त्यांची लुगडी घडी करून पिशवीत भरली.

सकाळी बसस्थानकावर त्या पिशोरच्या गाडीत चढल्या. खिडकीतून म्हणाल्या, "सही आणते. तू जिन्यानं चढू नको." गाडी हलली आणि मी तिथंच बाकड्यावर बसले. श्वास जागेवर यायला अर्धा तास लागला.

त्याला आता पाच आठवडे झाले. सही आलेली नाही. भाऊजींनी त्यांना घरात घेतलेलं नाही, आणि बायको घर सोडून गेली असं गाव म्हणेल म्हणून हाकलूनही दिलेलं नाही. त्या ओसरीवर राहतात, तीन दगड मांडून बाहेरच रांधतात, असं गावाकडून कळलं. शेजारच्या घरातल्या फोनवर मी रोज त्यांना बोलावून घेते. त्या आल्या की आधी सहीचं विचारते. जेवलात का, हे नंतर. तेही आठवलं तर.